संडूर : पेशव्यांना खिंडीत अडवणारं घोरपड्यांचं संस्थान

धागाकर्ता : वाटसरू_दख्खनचा

दक्षिणेतली मराठी राज्यं म्हटलं की आपल्याला तंजावर आठवतं, फार तर जिंजी. बल्लारीजवळच्या डोंगरांत २०० वर्षांहून अधिक काळ तग धरून राहिलेलं आणि १९४९ पर्यंत आपल्या नावाने नांदलेलं एक मराठी संस्थान आपल्या गप्पांत कधी येतच नाही. गेल्या महिन्यात हंपीला गेलो होतो. तिथून वाट वाकडी करून दोन दिवस संडूरला काढले आणि तेव्हापासून हा विषय डोक्यातून जात नाही, म्हणून हा धागा.

आधी जागा समजून घ्यायला हवी, कारण या संस्थानाचं सगळं राजकारण जागेनेच घडवलं. होस्पेटहून दक्षिणेला निघालं की तांबड्या डोंगरांची भिंत समोर येते. आत दोन समांतर रांगा आणि त्यांच्यामध्ये पसरट, हिरवी दरी. आत शिरायच्या वाटा हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. होस्पेटच्या बाजूने यत्तिनहट्टीची खिंड आणि नारीहळ्ळ या छोट्या नदीने दोन्हीकडचे डोंगर चिरून केलेल्या दोन घळी, भीमगंडी आणि ओबळगंडी. कन्नडमध्ये गंडी म्हणजे खिंडार. ओबळगंडीत उभं राहिल्यावर दोन्ही बाजूंचे कडे इतके जवळ येतात की वरची आभाळाची पट्टी एखाद्या धोतराच्या काठासारखी दिसते. अशी वाट अडवायला फौज लागत नाही, दहा-पंधरा झाडं तोडून आडवी टाकली की पुरतं. आणि खरोखर तसंच झालं.

अठराव्या शतकाच्या पहिल्या तीस वर्षांत सिद्धोजीराव घोरपड्यांनी ही दरी बेडर पाळेगारांकडून, म्हणजे बेडर जमातीच्या स्थानिक सरदारांकडून, जिंकली. सेनापती संताजी घोरपडे ज्या कुळातले, त्याच कुळाची ही शाखा. संताजींना स्वराज्यातच दगाफटका झाला आणि पुढे घोरपड्यांच्या अनेक शाखा कृष्णेच्या आणि तुंगभद्रेच्या पलीकडे पसरल्या. सिद्धोजींचा मुलगा म्हणजे गुत्तीचे प्रसिद्ध मुरारराव. त्यांच्याविषयी पुढे कुणीतरी लिहीलच, नाही लिहिलं तर मी लिहीन. १७७६ मध्ये हैदरअलीने गुत्ती घेतली तेव्हा संडूरही त्याच्या हाती गेलं. दरीच्या तोंडाशी कृष्णानगरचा किल्ला आहे. तो हैदरने बांधायला घेतला आणि टिपूने पुरा केला. मुरारराव कैदेतच वारले. त्यांचे दत्तक चिरंजीव शिवराव १७८५ मध्ये टिपूच्या शिबंदीला हुसकावताना पडले. मग १७९० मध्ये व्यंकटरावांनी आपल्या अल्पवयीन पुतण्याच्या वतीने टिपूची माणसं दरीतून बाहेर काढली. तिथून संडूर पुन्हा घोरपड्यांचं.

आता ज्या प्रसंगासाठी हा धागा काढला तो प्रसंग. श्रीरंगपट्टण पडलं, टिपू गेला. पुण्यात दुसरे बाजीराव. संडूर ही आपली जहागीर आहे, असं पेशव्यांचं म्हणणं. संडूरकर ते मानायला तयार नव्हते. १८१५ मध्ये बाजीराव कार्तिकस्वामीच्या दर्शनाचं निमित्त काढून सैन्यासह संडूरच्या वेशीवर आले. संडूरच्या डोंगरावर कुमारस्वामीचं, म्हणजे कार्तिकस्वामीचंच, जुनं देऊळ आहे, तेव्हा निमित्त खोटं वाटण्यासारखं नव्हतं. त्यावेळचे संडूरकर म्हणजे दुसरे शिवराव. त्यांनी खिंडीतल्या वाटांवर झाडं तोडून टाकली आणि निरोप धाडला की श्रीमंतांनी दर्शनाला अवश्य यावं, मोजक्या माणसांनिशी. बाजीराव मोजक्या माणसांनिशी गेले, देवाला हात जोडले आणि परतले. फौज बाहेरच राहिली.

पेशव्यांनी मग इंग्रजांकडे बोट केलं. तहाप्रमाणे कंपनीने मदत करायची होती. ऑक्टोबर १८१७ मध्ये थॉमस मन्रो फौज घेऊन संडूरला आला. यावेळी शिवरावांनी झाडं तोडली नाहीत. लढाई न करता किल्ल्याच्या किल्ल्या दिल्या. पुढच्याच महिन्यात, ५ नोव्हेंबरला, खडकीची लढाई झाली आणि ज्यांच्यासाठी संडूर घेतलं होतं त्या पेशव्यांशीच कंपनीचं युद्ध सुरू झालं. पेशवाई बुडाली आणि १८१८ मध्ये संडूर शिवरावांना परत मिळालं. १८२६ मध्ये, मन्रो मद्रासचा गव्हर्नर असताना, रीतसर सनद झाली.

मला यात जे दिसतं ते सांगतो, पटत नसेल तर खोडून काढा. आपण मराठ्यांचा इतिहास पुण्याच्या खिडकीतून पाहतो. त्या खिडकीतून शिवराव म्हणजे पेशव्यांना जुमानत नसलेला एक बंडखोर जहागीरदार. संडूरच्या दरीतून पाहिलं तर पुणे म्हणजे हैदर आणि टिपूनंतर आलेला तिसरा दावेदार. हे संस्थान टिकलं ते मराठी सत्तेच्या छायेत नव्हे, त्या छायेतून बाहेर राहून. पेशवाई ज्या वर्षी गेली त्याच वर्षी याची पुन्हा उभारणी झाली. हे सत्य गिळायला कठीण आहे, पण इतिहास लिहायचा तर तेही लिहावं लागेल.

---

मोडीवाचक

उत्तम धागा. मुराररावांवर मीच लिहितो, कारण त्यांच्याशिवाय संडूर समजत नाही.

२६ मार्च १७४१ ला रघूजी भोसल्यांनी त्रिचनापल्ली घेतली आणि चंदासाहेबाला पकडलं. तो किल्ला सांभाळायला मागे ठेवलेले सरदार म्हणजे मुरारराव घोरपडे. १७४३ मध्ये निजामाने त्रिचनापल्ली घेतली तेव्हा ते बाहेर पडले आणि गुत्तीत पाय रोवले. १७५१ मध्ये इंग्रजांचा क्लाइव्ह अर्काटच्या किल्ल्यात मूठभर माणसांनिशी वेढला गेला होता. त्याच्या मदतीला निघालेल्या मराठी घोडेस्वारांचे सेनानी हेच. मराठे जवळ आल्याच्या बातमीनेच वेढा घालणाऱ्यांची घाई झाली, शेवटचा हल्ला फसला आणि वेढा उठला. लगेच पुढच्या काळात हेच मुरारराव फ्रेंचांच्या बाजूला दिसतात.

लोक याला बेभरवशाचं वागणं म्हणतात. मला ते पटत नाही. पुण्याहून पैसा नाही, साताऱ्याहून फौज नाही, भोवती निजाम, नबाब, म्हैसूर, इंग्रज, फ्रेंच. त्यात स्वतःच्या घोडदळाचा पगार दर महिन्याला भागवायचा. अशा माणसाची निष्ठा त्याच्या शिलेदारांशी असते. ज्या दिवशी पगार चुकला त्या दिवशी राज्य संपलं.

गुत्तीच्या किल्ल्यावर कड्याच्या टोकाशी एक छोटा मंडप आहे. त्याला आजही मुराररावांची बैठक म्हणतात. तिथे बसून ते बुद्धिबळ खेळत, असं सांगतात. मी तिथे दुपारी गेलो होतो. खालचं सगळं पठार तळहातासारखं दिसतं, कोण कुठून येतोय ते दोन प्रहर आधी कळावं. एवढी जागा असून किल्ला पडला तो पाण्यावाचून. हैदरच्या वेढ्यात टाकी आटली आणि मुराररावांना खाली यावं लागलं. शेवट कबालदुर्गाच्या कैदेत झाला. तो किल्ला म्हैसूरकरांचा कैद्यांना घालवायचा किल्ला होता, तिथलं पाणीही वाईट म्हणून कुप्रसिद्ध.

---

अनुराधा_मिरज

वाटसरू, छान लिहिलंय. एक शंका. घोरपडे म्हटलं की आमच्याकडे इचलकरंजी, मुधोळ, कापशी, दत्तवाड ही नावं येतात. ही सगळी एकच का? आणि संडूरच्या डोंगरातलं रामदुर्ग म्हणजे भाव्यांचं रामदुर्ग संस्थान का?

---

वाटसरू_दख्खनचा

ताई, बरं झालं विचारलंत, इथे भलेभले गोंधळतात.

कापशीकर हे सेनापती संताजींच्या घराण्यातले. दत्तवाड, गजेंद्रगड आणि संडूर याच मोठ्या कुळाच्या फांद्या. हिंदुराव हा किताब या घराण्यात चालत आला. संडूरच्या राजांच्या नावामागे हिंदुराव, ममलकतमदार, सेनापती अशी बिरुदं शेवटपर्यंत लागत होती. मुधोळकरांची शाखा फार आधी वेगळी झालेली, आदिलशाहीतली. इचलकरंजीकर मुळात जोशी. नारो महादेवांना संताजींच्या घराने वाढवलं, त्या उपकाराची आठवण म्हणून त्यांनी घोरपडे हे आडनाव घेतलं.

भाव्यांचं रामदुर्ग मलप्रभेच्या काठी, तुमच्या बाजूला. संडूरचा तो रामनदुर्ग, डोंगरावरची थंड हवेची जागा. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर मद्रास सरकारने तिथे गोऱ्या शिपायांसाठी आरोग्यधाम काढलं होतं.

---

बळ्ळारी_बंधू

मी बळ्ळारीचा. घरी मराठी, बाहेर कन्नड, बाजारात तेलुगू. धागा वाचून आनंद झाला. फक्त एक विनंती, संडूरला मराठी संस्थान म्हणताना जरा थांबून म्हणा. राजघराणं मराठा, दरबारी मानकरी मराठा, पण प्रजा कन्नड. बेडर नायक, लिंगायत, कुरुबर, लंबाणी. राजघराण्यातली नावं पाहा. १८६१ मध्ये गादीवर आलेल्या राजांचं नाव शिवषण्मुखराव. षण्मुख म्हणजे डोंगरावरचा कुमारस्वामी. देशावरच्या मराठा घरात हे नाव ऐकलंय का तुम्ही? दीडशे वर्षांत त्या दरीच्या देवाने घराण्याला आपलंसं केलं होतं.

माझी आजी संडूरची. ती हिशेब कन्नडमध्ये करायची, रागवायची मराठीत आणि देवाशी दोन्हींत बोलायची. आम्हा मुलांना दूध ओतून देताना ‘ऒंदु, ऎरडु, मूरु’ अशी भांडी मोजायची आणि सांडलं की ‘अरे मेल्या, डोळे फुटले का’ म्हणायची. तिची मराठी तुमच्या पुस्तकातली नव्हती. ‘मी येतो’ म्हणायची, ‘येते’ नाही. पुण्याचे पाहुणे ऐकून हसले की तिचा चेहरा पडायचा. मला ते अजून सलतं, कारण ती भाषा २०० वर्षं तिथे कुणाच्याही आधाराशिवाय जगली होती.

कुमारस्वामीबद्दलही सांगतो. बायकांनी कार्तिकस्वामीचं दर्शन एरवी घ्यायचं नाही, ही रूढी महाराष्ट्रात आहे तशीच इथेही चालत आली. मोठी जत्रा कार्तिकी पौर्णिमा आणि कृत्तिका नक्षत्र यांचा योग साधून भरते. शेजारचं पार्वतीचं देऊळ त्याहून जुनं, बदामी चालुक्यांच्या काळचं. म्हणजे बाजीरावांच्या आधी हजार वर्षं तिथे यात्रेकरू येत होते.

---

अनुराधा_मिरज

बंधू, तुमच्या आजीबद्दल वाचून गलबलून आलं. आमच्या सीमाभागातल्या आज्याही अशाच बोलतात. धन्यवाद.

---

सनदशीर

मला इंग्रजी अमदानीतलं राजकारण समजून घ्यायचं आहे. एवढ्याशा संस्थानाला इंग्रजांनी ठेवलं तरी का? १८४८ मध्ये सातारा खालसा केलं, १८५५ मध्ये तंजावर संपवलं. संडूरला हात का लावला नाही?

---

वाटसरू_दख्खनचा

सनदशीर, मी यावर बराच विचार केला. माझ्या मते तीन गोष्टी एकात एक अडकल्या आहेत.

एक तर वेळ. शिवराव १८४० मध्ये वारले तेव्हा गादी दत्तक घेतलेल्या पुतण्याकडे, व्यंकटरावांकडे गेली. तेव्हा दत्तक नाकारून संस्थानं खालसा करणारा गव्हर्नर जनरल डलहौसी यायचा होता आणि दत्तक मान्य झाला. हेच दहा वर्षांनी घडलं असतं तर काय झालं असतं सांगवत नाही. व्यंकटराव १८६१ पर्यंत राहिले, म्हणजे डलहौसीच्या संपूर्ण काळात संडूरच्या गादीवर जिवंत, निर्विवाद राजा होता. साताऱ्याच्या आणि तंजावरच्या नशिबी हे नव्हतं.

दुसरं म्हणजे आकार. सुमारे १६० चौरस मैल मुलूख. १९०१ च्या खानेसुमारीत लोकसंख्या ११,२००. आपल्याकडचा एखादा मोठा बाजारगाव याहून मोठा असतो. हे खालसा करून मद्रासच्या तिजोरीत काय पडणार होतं? साताऱ्याला छत्रपतींचं नाव होतं, त्या नावाचीच इंग्रजांना भीती. संडूरच्या नावाने कुणी उठणार नव्हतं.

आणि तिसरं, संस्थान ठेवूनही हवं ते मिळत होतं. रामनदुर्गाची हवा मिळाली, पुढे संडूरची जंगलं मद्रास सरकारने भाडेपट्ट्याने घेतली. बल्लारीचा कलेक्टर हाच संस्थानाचा पोलिटिकल एजंट. राजाला न्यायाचे अधिकार होते, पण फाशी द्यायची तर मद्रासची मंजुरी लागे. १८७६ मध्ये राजा हा किताब वंशपरंपरागत झाला. १९२३ मध्ये मद्रासकडचा कारभार जाऊन त्रावणकोर, कोचीन, पुदुकोट्टै, बनगनपल्ली आणि संडूर ही पाच संस्थानं थेट हिंदुस्थान सरकारच्या एजंटाखाली आली. त्रावणकोरच्या रांगेत संडूर! कागदावर दोन्ही संस्थानंच.

---

रानवेडा

इतिहास वाचतो आहेच, पण खाणींबद्दल कुणी बोललं नाही. संडूरचं विसाव्या शतकातलं राजकारण म्हणजे मँगनीज आणि लोखंड. त्याशिवाय हा धागा अर्धवट राहील.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच इथलं मँगनीज परदेशात जाऊ लागलं. खाणीचा मक्ता परदेशी भांडवलाच्या कंपनीकडे होता. शेतसाऱ्यावर जगणारं छोटं संस्थान खनिजाच्या उत्पन्नावर आलं, हा फार मोठा बदल होता. पुढे १९५४ मध्ये राजेसाहेब यशवंतराव घोरपड्यांनी संडूर मँगनीज अँड आयर्न ओअर्स ही कंपनी काढली. गादी गेल्यावर पाच वर्षांत घराणं खाण-उद्योगात उभं राहिलं. संस्थानिकांपैकी किती जणांना हे जमलं? बहुतेकांनी तनखे मोजले आणि राजवाडे विकले.

मी या डोंगरांत पक्षी बघायला जातो. पहाटे स्वामीमलईच्या रानात धुकं असतं, मोर ओरडतात आणि त्याच वेळी खालून लॉऱ्यांचे गिअर बदलल्याचे आवाज येत राहतात. रस्त्याकडेच्या पळसाची पानं हिरवी नसतात, विटकरी असतात. हाताने पुसलं की खाली हिरवा रंग सापडतो. दोन हजारच्या दशकात लोखंडाचे भाव भडकले तेव्हा तर सगळा बल्लारी जिल्हा पोखरला गेला. लोकायुक्तांचे अहवाल आले. जुलै २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने जिल्ह्यातलं खाणकाम थांबवलं आणि त्याच महिन्याच्या शेवटी कर्नाटकाच्या मुख्यमंत्र्यांना पायउतार व्हावं लागलं. ११,००० माणसांच्या जुन्या संस्थानाच्या डोंगरांनी एका राज्याचं सरकार हलवलं.

---

मोडीवाचक

+१. यशवंतरावांविषयी थोडी भर घालतो.

ते १९२८ मध्ये गादीवर आले, वय विशीचं. त्यांच्या कारकिर्दीत कुमारस्वामीचं देऊळ अस्पृश्यांना खुलं झालं. त्रावणकोरचा गाजलेला जाहीरनामा १२ नोव्हेंबर १९३६ चा, संडूरने त्याआधीच हे केलं होतं. गांधीजी हरिजन दौऱ्याच्या काळात, १९३४ मध्ये, संडूरला आले. सप्टेंबरात संडूर पाहावं, असे त्यांचे उद्गार तिथे प्रत्येकजण सांगतो. पाऊस ओसरल्यावरची ती दरी पाहिली की त्यांना काय म्हणायचं होतं ते कळतं.

आपल्याकडे नाशिकला काळाराम मंदिराचा सत्याग्रह १९३० पासून पाच वर्षं चालला आणि दार उघडलं नाही. त्याच काळात बल्लारीच्या डोंगरात एका मराठा राजाने देवळाचं दार उघडलं. ही गोष्ट आपल्या शाळेच्या पुस्तकात एका ओळीनेही नाही, याचं मला वाईट वाटतं.

---

बळ्ळारी_बंधू

मोडीवाचक काका, देऊळ उघडलं हे खरं आणि मोठंही. पण मग जमिनीचंही सांगायला हवं, नाहीतर आपण राजघराण्याची आरतीच करत बसू.

१९७३ मध्ये समाजवाद्यांनी संडूरात कुळांच्या जमिनींसाठी सत्याग्रह केला. संस्थान विलीन होऊन चोवीस वर्षं झाली होती, तरी कसणाऱ्याच्या नावावर जमीन आली नव्हती, हे त्यांचं गाऱ्हाणं. आणि त्यावेळी कर्नाटकाचे अर्थमंत्री कोण? यशवंतरावांचे चिरंजीव मुरारराव, म्हणजे एम. वाय. घोरपडे. देवराज अर्स मुख्यमंत्री. त्याच अर्स सरकारने कूळकायद्यात दुरुस्ती केली आणि ती १ मार्च १९७४ पासून लागू झाली. कसणाऱ्यांचा झगडा आणि जमीन देणारं सरकार, दोन्हींच्या मध्ये संडूरचं घराणं उभं होतं.

मी हे कडवटपणाने लिहीत नाही. एम. वाय. घोरपड्यांबद्दल मला आदर आहे. केंब्रिजला अर्थशास्त्र शिकलेला माणूस, रानावनात कॅमेरा घेऊन तासन्‌तास बसणारा, सार्वजनिक आयुष्यात स्वच्छ. ते ग्रामविकास आणि पंचायत राज खात्याचे मंत्री असताना १९९३ चा कर्नाटक पंचायत राज कायदा आला. गादीवर बसायला जन्मलेल्या माणसाने ग्रामपंचायतीच्या हाती अधिकार द्यायचा कायदा करावा, हेही संडूरच्याच खात्यावर मांडायला हवं. जमीन आणि हा कायदा, दोन्ही एकाच पानावर लिहा, एवढंच म्हणणं.

---

वाटसरू_दख्खनचा

बंधू, हे लिहिल्याबद्दल मनापासून आभार. माझ्या मूळ लेखात ही बाजू नव्हती. शिवरावांनी खिंड अडवली तेव्हा झाडं तोडणारे हात कुणाचे होते, हा प्रश्न मला तिथे उभं असताना पडला नाही, आज पडतोय.

---

सनदशीर

विलीनीकरण कसं झालं त्याबद्दलही सांगा ना कुणीतरी. दक्षिण महाराष्ट्रातली संस्थानं ८ मार्च १९४८ ला मुंबई इलाख्यात आली हे माहीत आहे. संडूर मुंबईत का नाही आलं?

---

मोडीवाचक

भूगोल. चारी बाजूंनी मद्रास इलाख्याचा बल्लारी जिल्हा. बनगनपल्ली फेब्रुवारी १९४८ मध्ये, पुदुकोट्टै मार्च १९४८ मध्ये मद्रासला जोडलं गेलं. संडूर मागून, १ एप्रिल १९४९ ला. त्या दिवशी संस्थान संपलं आणि बल्लारी जिल्ह्याचा एक तालुका झाला.

पण खरी ओढाताण पुढे झाली. आंध्र राज्य निर्माण करायचं ठरलं तेव्हा बल्लारी कुणाचं यावर कन्नड आणि तेलुगू भाषकांत वर्षभर वातावरण तापलं होतं. शेवटी अदोनी, आलूर, रायदुर्ग हे तीन तालुके आंध्रात गेले. बाकीचे सात, त्यात संडूर, १ ऑक्टोबर १९५३ ला म्हैसूर राज्यात. म्हणजे १९४९ मध्ये राजाची प्रजा असलेला शेतकरी साडेचार वर्षांत मद्रासचा झाला आणि मग म्हैसूरचा, जागचा न हलता. तेव्हा संडूर मराठी की कन्नड हा वाद कुणी घातला नाही. वाद कन्नड की तेलुगू असा होता. मराठीचं नावही त्यात नव्हतं.

---

अनुराधा_मिरज

हे वाचून जरा थबकले. आम्ही सीमाभागातले लोक १९५६ च्या जखमेबद्दल पिढ्यान्‌पिढ्या बोलतो. आणि इथे मराठी राजघराण्याचा मुलूख दोनदा या राज्यातून त्या राज्यात गेला तरी त्यात आपल्या भाषेचा प्रश्न आलाच नाही. बंधू, तिथल्या मराठा घरांना याचं काही वाटलं नसेल का?

---

बळ्ळारी_बंधू

ताई, माझ्या आजीच्या तोंडून मी कधी तक्रार ऐकली नाही. राज्य राजाचं होतं, भाषा घराची होती. राजा गेला, घर राहिलं. तिला मद्रास, म्हैसूर, कर्नाटक ही सगळी सरकारी नावं वाटत. गाव तिचं संडूरच. आता माझ्या मुली मराठी समजतात, बोलत नाहीत. ती काळजी मला आहे, पण तिचं खापर मी कुठल्या राज्यावर फोडणार नाही. घरात बोललो नाही, ते आम्ही.

आता एक शेवटचं, आणि धाग्याच्या पहिल्या लेखाशी जोडून. वाटसरूंनी लिहिलं की सिद्धोजीरावांनी ही दरी बेडर पाळेगारांकडून जिंकली. ते बेडर कुठे गेले नाहीत, दरीतच राहिले. सुरपूरचे बेरड तुम्हाला औरंगजेबाच्या शेवटच्या वेढ्यामुळे माहीत असतील, त्याच जातीचे लोक. आज त्यांना नायक किंवा वाल्मिकी म्हणतात आणि कर्नाटकात ते अनुसूचित जमातींत मोडतात. घोरपड्यांनी वर्षानुवर्षं लढवलेला संडूरचा विधानसभा मतदारसंघ २००८ च्या पुनर्रचनेत अनुसूचित जमातींसाठी राखीव झाला. तेव्हापासून तिथून निवडून येतात ते नायक समाजाचे आमदार.

---

वाटसरू_दख्खनचा

बंधू, हे मला खरंच माहीत नव्हतं.

तुम्ही लिहिलेलं वाचून मी तिथे काढलेले फोटो पुन्हा उघडले. शिवविलास राजवाड्याच्या रस्त्यावर भिंतीवर रंगवलेली निवडणुकीची जुनी घोषणा आहे, कन्नडमध्ये, अर्धी पुसलेली. तेव्हा मी ती राजवाड्याच्या फोटोत येऊ नये म्हणून कॅमेरा बाजूला घेतला होता. एका फोटोत कोपऱ्यात तिची दोन अक्षरं आली आहेत. कन्नड वाचणाऱ्या कुणी ती लावून दिली तर बरं होईल, फोटो खाली देतो.

---

बळ्ळारी_बंधू

‘नाय’ एवढंच दिसतंय. पुढचं ‘क’ चौकटीबाहेर राहिलं आहे.